अबेलमामाने दाखवलेला उतार

अबेलमामाला तोंड आवरलं असतं, तर आमच्या गावाला दोन हिवाळे डब्यातलं मांस चघळावं लागलं नसतं. हे मी त्याच्या तोंडावर बोललो आहे, आणि बोलून पस्तावलोही आहे.

कॅरिबू हरणं नदीच्या उतारावर, म्हणजे पाणी ओलांडायच्या जागी, कधी येणार, हे उत्तर ध्रुवाकडच्या आम्हा ग्विचिन लोकांत त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. ऑगस्ट सरताना डोंगरावरची झुडपं लाल झाली की तो काठावर जाऊन बसे. म्होरकी हरणं पाण्यात उतरली की बंदुका खाली. ती सुखरूप पार झाली, तरच मागचा कळप त्याच वाटेने येतो. एकदा मी घाईने नेम धरला, तर चारचौघांत कानाखाली वाजवली. "म्होरक्याला मारून हिवाळाभर काय, बर्फ उकडून खाशील?"

मग राष्ट्रीय उद्यानवाले नकाशा घेऊन आले. चहा प्याले, तुमच्यासारखा जाणकार नाही म्हणाले. मामा हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि उतारावर नेमकं बोट ठेवून मोकळा झाला.

एफीमामी चुलीपाशी पुटपुटली, "पाहुण्याला चहा द्यावा, घराची किल्ली नाही."

पुढच्या वर्षी तिथेच लाकडी मचाण उभं राहिलं. हरणं बघायला विमानाने पर्यटक आले. म्होरकी हरणं काठापर्यंत आली, वास घेतला आणि वळली. त्यांच्यामागे लांडगेही गेले. कळप कुठून पार झाला, देव जाणे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं. मांस वाळवायच्या आमच्या काठ्या रिकाम्याच राहिल्या.

मचाण हलवा, म्हणून मामा उद्यानवाल्यांना दोनदा विनवून आला. सप्टेंबरात उत्तर दुकानाच्या दारावर चिकटलं. मामाला वाचता येत नाही, म्हणून मी वाचलं. हरणं घटली आहेत, सबब उतारावर शिकारीला बंदी. मचाण राहील.

मी तिथेच थांबलो.

"खाली अजून आहे की," मामा म्हणाला.

"काही नाही. सरकारी मजकूर."

"लबाडा, माझं नाव मला ओळखता येतं. काय लिहिलंय?"

मागे गावातली सात-आठ माणसं उभी होती. मला खोटं सुचेना. मी वाचलं, "उताराची जागा दाखवल्याबद्दल श्री. अबेल यांचे मनःपूर्वक आभार."

मला तो कागद फाडून टाकावासा वाटला.

"परत वाच," मामा म्हणाला. "मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नसेल."