साडू, रेंज आणि माझा नंबर

देव आहे की नाही यावर मतभेद असू शकतात. पण रेंज आहे, ती सगळीकडे नाही, आणि असलीच तर आपण उभे आहोत तिथून दोन हात वर आहे, याबद्दल आमच्या धाकट्या साडूंच्या मनात तिळमात्र शंका नाही. हे गृहस्थ पेठच्या बाजूला एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. राहतात सातपूरला. रोज सकाळी कारखान्यांच्या पहिल्या पाळीच्या गर्दीतून मोटारसायकल काढतात आणि घाट ओलांडून शाळा गाठतात. शाळेत मुलं चौतीस, शिक्षक दोन आणि रेंज शून्य. इतक्या वर्षांत त्यांच्या मानेला वर बघायची अशी काही सवय जडली आहे, की आमच्याकडे गंगापूर रोडला, जिथे न्हाणीघरातही फोन लागतो, तिथेसुद्धा घंटी वाजली की ते ताटावरून उठतात, गॅलरीत जातात, तिथून जिन्यात आणि जिन्यातून गच्चीवर. एकदा ते असेच वर पळाल्यावर आमची बायको फोनवर म्हणाली, "अहो भाऊजी, मीच बोलतेय, खालून, स्वयंपाकघरातून. पोळ्या किती टाकू?" तोवर स्वारी पाण्याच्या टाकीवर चढली होती. तिथून आवाज आला, "चार!" तो फोनशिवायही ऐकू आला.

त्यांच्या शेजारी दहा मिनिटं बसलं की आपल्यालाच कुठली तरी गाडी सुटतेय असं वाटायला लागतं. पाय हलत असतो, खिशात हात जात असतो, बोलणं अर्ध्यावर असतं. पण यात त्यांचा दोष नाही. हल्ली म्हणे हजेरी फोनवर, खिचडीचा हिशेब फोनवर, मुलांच्या चाचण्या फोनवर. म्हणजे शाळा भरते खाली पाड्यावर, आणि सरकारदरबारी ती भरते वर, टेकडीवरच्या कातळावर. खिचडी शिजली की साडू तिचा फोटो काढून कातळाकडे धावतात. मागून मुलं ओरडतात, "गुरुजी, आज दोन काड्या हायेत का तीन?" कुठल्या वळणावर किती रेंज, कुठल्या आंब्याखाली आवाज जातो पण येत नाही, हे सगळं त्यांना पाठ. मी एकदा थट्टेने म्हणालो, "साडू, एवढ्या चढाईत तुम्ही एखादं शिखर सर केलं असतंत." ते गंभीरपणे म्हणाले, "शिखरावर रेंज असते का हो?"

दुसरा त्यांचा नाद म्हणजे जुने फोन. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई दारात यायची ना, तसे हे येतात, फक्त भांडी देत नाहीत. ते यायचे म्हटलं की नातेवाईक ड्रॉवरला कुलपं लावतात. देवळाली कॅम्पला एका लग्नात नवरदेवाला सासऱ्याने नवा फोन दिला. अक्षता पडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच हे बोहल्यावर हजर. "अभिनंदन. जुन्याचं काय करणार?" एका तेराव्याला तर त्यांनी दुःखात बुडालेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अण्णा गेले. आता त्यांचा फोन तरी मार्गी लागू दे." आणि गंमत बघा, त्या मुलाने डोळे पुसत फोन दिला, वर चार्जरही दिला. या फोनांत साडू घरी रात्रभर धडे, गोष्टी, गणितं भरतात आणि पाड्यावर वाटतात. चार मुलांत एक फोन, आळीपाळीने.

मीही एक फोन दिला. दानशूरपणाच्या भरात आतलं काही पुसायचं मात्र राहिलं. निवृत्तीनंतर मी योगासनांचा नाद धरला होता आणि स्वतःचे व्हिडिओ काढले होते. त्यातल्या एकात मी शीर्षासनातून थेट तुळशीच्या कुंडीवर कोसळतो. महिनाभराने साडू म्हणाले, "साडूभाऊ, पाड्यावर तुम्ही फार लोकप्रिय आहात. अपूर्णांकांच्या आधी मुलं तुम्हालाच लावतात."

असो. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं सांगताना मात्र माझी जीभ जरा अडखळते.

त्यांच्या पाचवीत यमुना नावाची मुलगी होती. गणितात अशी, की साडू तिच्याबद्दल बोलताना पाय हलवायचे थांबत. सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तिच्यासाठी भरायचा होता. हा अर्ज पाचवीत असतानाच भरायचा असतो. वर्ष गेलं की संधी गेली. अर्ज अर्थातच ऑनलाइन, आणि एका मोबाइल नंबरवर एकच अर्ज. साडूंचा नंबर दुसऱ्या मुलासाठी वापरून झाला होता, आणि यमुनाच्या बापाचा फोन रिचार्जअभावी बंद. तेव्हा साडू एका रविवारी मला म्हणाले, "तुमचा नंबर टाकू का? ओटीपी आला की मला सांगायचा, बास." मी क्रिकेट बघत होतो. "टाका, टाका," म्हणालो, आणि काय टाका म्हणालो ते पुढच्या षटकात विसरलो.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मला अनोळखी नंबरवरून फोन आला. माझं दुर्दैव असं, की आदल्याच दिवशी मी आमच्या सोसायटीत 'फोनवरील फसवणूक आणि आपण' या विषयावर पाऊण तास बोललो होतो. कमिटीतले तिघे टाकी धुण्याच्या चर्चेसाठी समोरच बसले होते. पलीकडून तुटक, घाईचा आवाज आला. "ओटीपी... लवकर सांगा... पाचला बंद होतं..." मी तिघांना डोळा मारला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बाळ, हे धंदे करतोस ते तुझ्या आईला माहीत आहे का?"

"अहो, मी... साडू..."

"तू साडू, तर मी जिल्हाधिकारी!"

तिघे खो खो हसले. आवाज कळवळून काहीतरी सांगत होता, पण अर्धं वाऱ्यात जात होतं. मी फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि आलेला ओटीपी सगळ्यांच्या साक्षीने पुसून टाकला. टाळ्या पडल्या. बायकोने चहा टाकला. चहा मी दोनदा घेतला.

तो नंबर ग्रामसेवकांचा होता. साडूंच्या फोनची बॅटरी संपली होती आणि कातळावर तेवढा एकच फोन चालू होता.

पाचला पंचवीस मिनिटं कमी असताना दारात मोटारसायकल थांबली. साडू धुळीने पांढरे झालेले, आणि मागे शाळेच्या गणवेशात एक सडपातळ मुलगी, पोटाशी कागदांची पिशवी घट्ट धरलेली. तिने मला नीट न्याहाळलं आणि साडूंच्या कानात बोलली, पण मला ऐकू आलंच. "गुरुजी, हेच ना ते कुंडीवर पडलेले काका?"

साडू एवढंच म्हणाले, "कॉम्प्युटर लावा."

घरात कॉम्प्युटर होता, वायफाय होतं, प्रिंटरसुद्धा होता. नव्हता तो फक्त वापर. दोन महिन्यांनी चालू केल्याबद्दल कॉम्प्युटरने सूड उगवला. पडद्यावर अक्षरं आली: अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नये. सात टक्के. आम्ही माझ्या फोनवर अर्ज उघडला. नवा ओटीपी आला; तो मी घाईत दोनदा चुकीचा वाचला. मग फोटो. फोटो मोठा होता, चालेना. लहान केला, तर इतका लहान झाला की यमुनाचं नाकच दिसेना. साडू उभे, मी उभा, बायको उभी. एकटी यमुना खुर्चीच्या टोकावर बसून घड्याळाकडे बघत होती. "पाच मिंटं हायेत," ती म्हणाली. मग, "तीन." शेवटचं बटण दाबलं तेव्हा एक गोल चक्र फिरायला लागलं. ते फिरत होतं, फिरत होतं. शेवटी थांबलं आणि खाली एक ओळ उमटली: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

कॉम्प्युटर तेव्हा एकसष्ट टक्क्यांवर होता.

मला वाटलं, साडू आता चार शब्द सुनावतील. मला ते हवेच होते. "साडू, चूक माझी," मी म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही बरोबरच वागलात हो. ओटीपी कुणाला सांगू नये, हे मीच पोरांना शिकवतो." याहून त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. बायकोने यमुनाला पोहे दिले. तिने ते शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खाल्ले, ताटली स्वतः विसळून ठेवली, आणि निघताना पायरीवर थांबली.

"काका, माझी धाकली बहीण हाय. मैना. ती पुढच्या साली पाचवीत जाईल."

"बरं," मी म्हणालो.

"तिचा फारम भरायचा हाय. तुमचाच नंबर टाकू ना?"

मी साडूंकडे बघितलं. ते गाडीला किक मारण्यात फार गुंतले होते. गाडी तर मघाशीच सुरू झाली होती.

"टाक," मी म्हणालो.

मैना आता पाचवीत गेली आहे. पुढच्या महिन्यात अर्ज सुरू होतील म्हणे. हल्ली अनोळखी नंबरवरून आलेला एकही फोन मी सोडत नाही. कुणाला मला कर्ज द्यायचं असतं, कुणाला प्लॉट विकायचा असतो, एक बाई तर मला लॉटरी लागल्याचं रोज कळवते. कमिटीतले तिघे म्हणतात, तुम्ही पार वाया गेलात. मी सगळ्यांशी अदबीने बोलतो, आवाज तुटत असला तर थांबतो, पुन्हा विचारतो, "कोण बोलतंय? सावकाश सांगा, मी ऐकतोय."