मथुराकाकीला विचारून घ्या

आमच्या वेळणेश्वरात पूर्वी कुणी कुकर घ्यायला गुहागरला निघालं, की आधी मथुराकाकीच्या पडवीत बसून जायचं. काकीला न विचारता वस्तू आणली आणि ती बिघडली, तर घरचेही कीव करत नसत. काकी लगेच काही सांगायची नाही. जेवायला माणसं किती, चूल की गॅस, भात कुठला, असं खोदून खोदून विचारायची आणि मग म्हणायची, "दांडा बघून घे गो, झाकणाला भुलू नको." माझ्या लग्नातली भांडी तिनेच वाजवून घेतली होती. ती मी अजून वापरते, आणि वापरताना ती भरलेली पडवी आठवते.

आता वाडीतली निम्मी घरं गणपतीतच उघडतात. उरलेले फोनवरच्या चांदण्या मोजून वस्तू मागवतात. काकीला कोणी काही विचारत नाही. ती बोलून दाखवायची नाही, पण कुरियरवाल्याची गाडी वाजली की कोणाकडे काय आलं ते बघायला अंगणाच्या दगडी गडग्याशी येऊन उभी राहायची.

गेल्या वर्षी तिच्या सर्वेशने मुंबईहून मिक्सर पाठवला. इंटरनेटवर कुणा तज्ज्ञाने तो खोलून, मोजमापं घेऊन भरपूर वाखाणला होता. पण ओल्या नारळाचं वाटप काही बारीक होईना. काकीने मुलाला फोनवर एवढंच विचारलं, "त्याने खोबरं वाटलंन काय?"

मग मी तिला गिऱ्हाइकांची मतं वाचून दाखवली. एकाने खोकं सुंदर आहे म्हणून पाचही चांदण्या दिल्या होत्या. हा खोकं वाटून जेवतो काय, म्हणून काकी करवादली. खाली कुणा बाईने विचारलं होतं, ओलं खोबरं बारीक होतं का? ते ऐकून काकी पदर सावरून बसली आणि मला म्हणाली, लिही.

पाणी किती, थांबायचं कधी, कुठलं भांडं कुचकामी, वाटून वाटून कळलेलं सगळं तिने सांगितलं. शेवटी घराचा पत्ता घातला: शंका असली तर या, वाटून दाखवते. पत्ता चालत नाही म्हणून ते मत परत आलं. पत्त्याशिवाय माणसं येणार कशी, म्हणून ती माझ्याशी भांडली. कशीबशी समजूत काढून मी तो गाळला.

महिन्याभराने बघते तर खाली लिहिलेलं, दोनशे जणांना हे मत उपयोगी वाटलं. मी धावतच सांगायला गेले. काकीचा चेहरा इतका फुलला की मला लहानपणची काकी दिसली. कोण कोण होते, नावं सांग, म्हणून ती माझ्या मागे लागली. नावं नव्हतीच, नुसता आकडा होता.



"दोनशे माणसं येऊन गेली म्हणतेस," ती म्हणाली, "आणि चहाला एक पण थांबलं नाय."