गाणाऱ्यानं गप बसावं काय?

मंडळींनो, मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि नात गावातल्या मंडळाच्या फळ्यावर लिहिते. चूक दिसली तर तिची.

आज दुपारी आमचा नातू सुरेश आणि त्याचा दोस्त बसू टेपवर इंग्रजी रॉक लावून बसले होते. दोघांचे आवडते बँड वेगळे. बसूच्या बँडातला गाणारा म्हणे गाता गाता सरकारलाही सुनावतो.

"गाणाऱ्यानं गावं, भाषण कशाला?" सुरेश म्हणाला.

"तुझे बँडवाले नुसते केस झटकत्यात!" म्हणत बसू तणतणत उठला आणि कॅसेट टेपातच विसरून गेला. लहानपणापासूनची दोस्ती, आणि तुटली कुणापायी, तर ज्यांचं बोलणं दोघांनाही अर्धंच कळतं!

मी म्हटलं, "आरं, भाताच्या रोपलावणीला आमच्याबी बायांच्या दोन रांगा गाण्यात भांडायच्या. पल्याडच्या रांगेतली गंगव्वा गाण्यातच मालकाला सुनवायची, दुपारची पेज पातळ हाय म्हणून. मालकानं तिला गप केलं. मग आमची रांगबी गप. उत्तर द्यायचं कुणाला? हात असं मंदावलं, की शेवटी मालकच म्हणाला, गा बायांनो."

"आन् पेज?" सुरेशनं विचारलं.

"पातळच ऱ्हायली की."

सुरेशनं टेपातून ती कॅसेट काढली आणि घेऊन बसूकडे गेला. अजून आला नाही. भांडत असतील, बरं आहे.

मी मात्र विचारात पडले. पेज दाट झाली नाही, म्हणून गंगव्वानं गप बसायला हवं होतं काय? खाली जागा सोडली आहे, लिहा. नात वाचून दाखवील.