मौदीच्या कपाटातली हवा

सदर इसमाचे नाव मरझूक नासेर. राहणार कैफान, कुवेत; घर स्वमालकीचे. वय साठीपुढे, विधुर, वर्तणूक समाधानकारक, व्यसन चहाचे. हुद्दा : नगरपालिकेच्या वायुवीजन विभागातील निवृत्त निरीक्षक. सेवाकाळात सदर इसमाने अनेक भटारखाने, गोदामे व एक लग्नाचा हॉल कोंदट हवेच्या कारणावरून बंद पाडला. स्वतःच्या घरातील एका कपाटाबाबत मात्र त्याच्याकडून नियमभंग घडला.

कपाट मौदीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. भिंतीतच बांधलेलं, सागवानी. दार झोपायच्या खोलीत आणि पाठ दिवाणियाला, जिथे मरझूकचे दोस्त रोज संध्याकाळी बैठक जमवत. कपाटात कपडे टांगून मौदी खाली निखाऱ्यांवर ऊद घाली आणि दार लावून घेई. ऊद घरचा. लाकडाचा भुगा, साखर, गुलाब, अंबर, आणि आणखी काहीतरी, जे तिनं लेकीला, शेखालाही सांगितलं नव्हतं. शेखानं फारच मागे लागावं तेव्हा म्हणायची, "मी गेल्यावर सांगेन." मागच्या हिवाळ्यात ती गेली. सांगायचं राहिलं.

त्या उदाचा तिला दुसराही उपयोग होता. गप्पा रेंगाळल्या की ती धूपदाणी पेटवून दिवाणियात पाठवून देई. ऊद फिरला की पाहुण्यानं उठायचं, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दोस्त डोक्यावरच्या रुमालात धूर घेत आणि निमूट चपला शोधत. तिचं नाव घेणं रीतीत बसत नव्हतं, त्यामुळे मुलाच्या नावानं म्हणत, "चला, मिशारीच्या आईनं हाकललं."

ती गेल्यावर दोस्तांना उठवणारं कोणी राहिलं नाही, आणि गंमत म्हणजे ते लवकर उठू लागले. बाप एकटा पडतो, हे पाहून मिशारीनं दिवाणियात घरचं थिएटर बसवलं. भिंतभर पडदा, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर. यंत्रं ठेवायला जागा नव्हती. आईचं रिकामं कपाट होतं. पाठीला भोक पाडून त्यानं वायरी पलीकडे नेल्या आणि दार लावलं.

पहिल्या शुक्रवारी जुना इजिप्ती सिनेमा लावला. नायिका विहिरीपाशी रडत असताना बू शमलाननं सूर्यफुलाच्या बियांची वाटी खाली ठेवली. हा मरझूकचा शाळेपासूनचा दोस्त; बू म्हणजे अमक्याचा बाप, तिकडे पुरुषांना असंच हाकारतात. त्यानं नाक वर केलं. मग बाकीच्यांनीही केलं. एकेक जण उठला, अंधारातच रुमाल सारखा केला आणि दाराकडे निघाला. नायिका रडतच होती. बू शमलान उंबऱ्यावर थबकून मरझूकला हलकेच म्हणाला, "बू मिशारी, घरात ऊद कोण लावतंय?"

कोणीच लावत नव्हतं. तेवढ्यात आवाज गेला, पडदा निळा झाला. कपाटाला हात लावला तर तवा. आत लाकूड तडकत होतं. टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्, कोणी पितळी धूपदाणी फळीवर ठेवावी तसं.

मिशारीनं निदान केलं : कोंडलेल्या उष्णतेनं लाकडात मुरलेला वास सुटला आणि वायरींच्या भोकातून बाहेर आला, यंत्रं तापली म्हणून आपोआप बंद पडली. गल्लीकडच्या भिंतीला झरोका पाडून पंखा बसवला की दोन्ही प्रश्न मिटतील. निदान बरोबर होतं, मरझूकनं तसली शेकडो केली होती. पण तो भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

"गल्लीत सोडायची?"

"हवा सोडायची, बाबा."

"तेच म्हणतो मी."

"तुम्हीच लोकांची हॉटेलं बंद करत होता ना? आग लागेल एखाद्या दिवशी."

आग लागेल हे मरझूकला पटत होतं. पण त्या फळ्यांत होता तेवढाच वास जगात शिल्लक होता, हेही त्याला कळत होतं. मग त्यानं असं काम केलं की दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यानं त्याला दंड ठोकला असता. भोकातल्या वायरींभोवतीची जागा बुजवली, खाली हवा घ्यायला फट ठेवली आणि दाराच्या वर पंखा बसवला. तोंड खोलीच्या बाजूला, स्वतःच्या पलंगाकडे. कपाट तापलं की पंखा आपसूक सुरू व्हायचा, निवलं की थांबायचा.

दिवाणियात सिनेमे शेवटापर्यंत चालू लागले. मरझूक मात्र ते पाहत नसे. यंत्रं चालू करून द्यायची आणि स्वतः आत पलंगावर बसायचं. अंगावर गरम वारा येई, आणि त्यात मौदी असे. उन्हाळाभर होती. मग विरत गेली. शेवटी वाऱ्याला नुसता तापल्या प्लास्टिकचा वास राहिला. त्यानं मिशारीला यंत्रं घेऊन जायला सांगितलं. कपाट पुन्हा रिकामं झालं. पंखा काढायचा राहिला.

थंडी पडली. एका दुपारी नमाज आटोपून मरझूक पलंगावर बसला होता, आणि पंखा सुरू झाला. वास आला. तो मुरलेला, शिळा वास नव्हता. आत्ता निखाऱ्यावर टाकल्यासारखा. त्यानं दार उघडलं. आत उघड्या फळ्या होत्या, हाताला गार लागणाऱ्या. डोक्यावर पंखा फिरत होता.

तो दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी तिथेच बसला, तिसऱ्या दिवशीही. आली, एवढंच त्याच्या मनात होतं. रोज वास वाढत होता. मौदीही असंच करायची. दोस्त ढिम्म हलले नाहीत की पुन्हा धूपदाणी पाठवायची, मूठभर जास्त घालून. हे आठवलं तेव्हा त्यानं खोलीभर नजर फिरवली. तिथे बसलेला तो एकटाच होता.

मग त्यानं रुमाल सारखा केला, झग्याच्या बाहीत थोडा वास धरला, सवयीनंच, आणि पलंगाखालच्या चपला पायांनी शोधल्या.

शेखानं आपल्या घराचं दार उघडलं तेव्हा बाप रिकाम्या हातांनी उभा होता. ती काही विचारणार होती. मग तिला त्याच्या बाहीचा वास आला आणि ती बाजूला झाली.

नगरपालिकेच्या दप्तरी सदर इसमाचा पत्ता कैफान, स्वमालकीचे घर, असाच आहे. तो जहऱ्याला मुलीकडे राहतो.