गोठ्याचं माळवद

वैरागकडच्या आमच्या शेतात आधी गोठा झाला आणि घर नंतर. बैलांना पक्का निवारा मिळाला तेव्हा माणसं शेजारी छपरात राहत होती असं वडील, म्हणजे आमचे दादा, सांगायचे, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. गोठा कुणी उभारला हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. "आज्याच्या आधीचा" एवढंच म्हणायचे.

बाभळीचे जाडजूड खांब, प्रत्येकाखाली दगडी तळखडा, डोक्यावर सागवानी तुळया. खिळा औषधालाही नाही. लाकडात लाकूड बसवून वर लाकडाचीच खुंटी ठोकलेली. छताला तुराट्या, पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती पडायची. शेजारपाजारचे यायचे, पुरुष मातीच्या पाट्या वर द्यायचे, आम्ही पोरं माती तुडवायचो आणि आई खालून ओरडत राहायची. वैशाखात बाहेर अंग भाजायचं, आत बैल डोळे मिटून रवंथ करत असायचे. दुपारची झोप मी तिथेच काढायचे. सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर कूलर लावूनही तशी झोप मला अजून लागलेली नाही. माहेर म्हटलं की मला घर आठवत नाही, गोठाच आठवतो.

परवा धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, गोठा उतरवतोय. येणार आसलीस तर ये."

मी तावातावानेच गेले. काय काय सुनावायचं ते एसटीत बसल्या बसल्या ठरवलं होतं. आत जाऊन तुळई चाचपली तर बोट सरळ आत गेलं आणि भुगा हातावर आला. काही वर्षांपूर्वी भावाने माळवदावर सिमेंटचा कोबा केला होता, गळती कायमची थांबावी म्हणून. माती पाणी प्यायची आणि उन्हात सोडून द्यायची. सिमेंटखाली ओल कोंडली आणि लाकूड आतून कुजत गेलं.

"हा शहाणपणा तुला कुणी सांगितला होता?" मी म्हणाले. "दादा दरसाल माती टाकत होते की."

"माती टाकायला लई माणसं लागत्यात, आक्का," तो शांतपणे म्हणाला. "मी एकटाच हाय हितं."

फार वाईट वाटलं, गोठ्याचं आणि त्याचंही.

गोठ्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या पत्र्याच्या शेडचे लोखंडी अँगल अंगणात येऊन पडले होते. तरी त्याने जेसीबी लावला नाही. मजुरांना हाताशी घेऊन, खुंट्या हलक्या हाताने ठोकून काढत, एकेक लाकूड खाली घेतलं. कुजलेलं सरपणाला गेलं. खांब मात्र धडधाकट निघाले. उतरलेल्या प्रत्येक खांबावर तो खडूने लिहीत होता: उगवतीचा, मावळतीचा, दाराजवळचा.

"आता हे लिहून काय करायचंय?" मी विचारलं.

"परत उभा करायचा झाला तर कुटला कुटं, ते कळाय नको व्हय?"

कोण उभा करणार, ते मी विचारलं नाही. त्याचीही मुलं आता पुण्याला असतात.