बिननावाची लेक

माझ्या पोटच्या लेकीबद्दल मला काहीच वाटत नाही, हे त्या दहा दिवसांत मी कुणालाही सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. ती आठव्या महिन्यातच आली, म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आणि मला दूध येत नव्हतं. मी कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. बाळाचा स्पर्श झाला की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं पान्हा फुटतो, माया जडते, मन निवतं. ही आकृती मी फळ्यावर कितीदा काढली असेल! स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र सगळं कोरडं.

पण मी हट्टी बाई आहे. डॉक्टरांनी रोज दुपारी बाळाला उघड्या छातीशी धरून बसायला सांगितलं, तर मी घड्याळ समोर ठेवून बसायची. तासभर म्हणजे तासभर. देवळातल्या अंबामायला मनातून रोज बजावायची, मी माझं काम करते आहे, तू तुझं कर. प्रार्थना कसली, दमदाटीच होती ती.

अकराव्या दिवशी मी तिला छातीशी धरून बसले होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आजेसासू डबा घेऊन आली. दर्यापूरकडची म्हातारी, घरी म्हशी असलेली. माझ्याकडे बराच वेळ पाहून तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं व पोरीचं?"

"अजून नाही ठेवलं, आजी. आमच्या सासूबाईंची रीत आहे, अपुऱ्या दिवसांच्या लेकराचं नाव ते घरी आल्यावरच ठेवतात. आधी वाचू तर द्या."

"मंग हाक कशी मारतं तिले?"

मी समोरच्या घड्याळाकडे पाहू लागले.

"मी म्हशीखाली बसतो तं पयले नाव घेऊन हाक मारतो. तवा ते पान्हावते. अन् तू पोटच्या पोरीले बिननावाची ठेवून दूध मांगून राहिली?"

मला रागच आला. शिकवणारी मी, आणि मला शिकवणार ही! पण राग ओसरला तसं मला माझं खरं दिसलं. सासूबाईंच्या रीतीआड मीच लपले होते. पोर गेली तर कमी दुखावं म्हणून मी जीवच लावत नव्हते. मला फार लाज वाटली. मी मनात म्हटलं, माये, राहू दे नाहीतर ने, ते तुझ्या हाती. पण ही माझी आहे. मग सहा महिने जपलेलं नाव तिच्या कानाशी घेतलं. "रेवा." पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. किती रडले कोण जाणे. भानावर आले तेव्हा झगा दुधानं भिजला होता.

नातसुनेला त्याच संध्याकाळी सुट्टी झाली आणि आजी निघून गेली. तिचे पाय धरायचे राहिले, ती रुखरुख अजून आहे. तिला देवीनं पाठवलं का, यावर मी वाद घालत नाही. हार्मोन म्हणाल तर तेही मला कबूल आहे.

तीन आठवड्यांनी रेवाला घेऊन निघालो तेव्हा ऑटो आधी अंबामायच्या देवळाकडे वळवायला लावला. मागण्यासारखं खूप होतं. तिचं वजन, तिची नजर, तिचा नाजूक श्वास. मी काहीच मागितलं नाही. तिला दोन्ही हातांवर धरलं आणि देवीला फक्त तिचं नाव सांगितलं.