थोरला घरात गेला का?

माझे पती वारले तो मंगळवार होता. त्यांच्यासोबत बायबल वाचणारे, मिशनच्या दवाखान्यातले कंपाउंडर आमच्या नांदेडच्या घरी ओट्यावर बसून रडले. मला रडू आलं नाही. यांना माझ्यापेक्षा हा माणूस जास्त ओळखत होता, एवढंच डोक्यात घोळत होतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. हे सरकारी शाळेत उर्दूतून हिसाब शिकवायचे. संध्याकाळी बैठकीत दोघं मराठी बायबल उघडून बसत. एकेका ओळीवर तास जायचा. हे कोण बोललं, कुणाला, त्याआधी काय घडलं? मधेच हसू ऐकू यायचं. मी चहा ठेवून माघारी यायची. माझ्याशी हे इतकं कधी बोलले नव्हते.

वाचता मलाही येत होतं. दरवर्षी मी पोथीचं सप्ताह पारायण करायची, तसंच याचंही करायचं ठरवलं. रोज न्हाऊन, पाटावर बसून, न थांबता येशूची कहाणी सांगणारी चारही शुभवर्तमानं वाचून काढली. शेवटी शिऱ्याचा नैवेद्यही दाखवला.

मी बैठकीत जाऊन म्हणाले, "माझं झालं. तुमचं अजून त्याच पानावर?"

कंपाउंडर हसले. "मास्तर, वहिनीची तर मेलगाडी हाय!"

यांनी विचारलं, "त्या येशूच्या गोष्टीतला धाकटा मुलगा बापाचं सगळं उधळून परत आला, बापानं मेजवानी दिली. थोरला रुसून दाराबाहेर राहिला. तो शेवटी घरात गेला का?"

"गेला. बाप स्वतः बाहेर येऊन विनवतोय म्हटल्यावर जाणार नाही?"

"कुठं लिहिलंय?"

मी उभ्यानंच पान शोधलं. लिहिलेलं नव्हतं.

"बसा की वहिनी," कंपाउंडर सरकून म्हणाले. "आम्ही बी तिथंच अडकून राहिलो."

दूध उतू जाईल म्हणून मी आत आले.

मग दुपारी एकटी तेच पान वाचत राहिले, सावकाश. बऱ्याच दिवसांनी मागच्या पानावर सापडलं: येशूनं ही गोष्ट ज्यांना सांगितली, तेच तो पापी माणसांसोबत जेवतो म्हणून कुरकुर करत होते. थोरला म्हणजे ते. आत जायचं की नाही, हे त्यांच्यावरच सोडलं होतं.

हे यांना सांगायचं होतं, पण कंपाउंडरांसमोर नाही. हे एकटे सापडायची मी वाट पाहत राहिले. तेवढ्यात यांना ताप आला, आणि तो उतरलाच नाही.

तेराव्यानंतर कंपाउंडर म्हणाले, "वहिनी, मास्तर म्हणायचे, माझ्या घरात खरी वाचणारी तीच."

हेसुद्धा यांनी त्यांनाच सांगितलं होतं.

आता बायबल माझ्याकडे आहे. मी ते एकटी वाचते.